सासऱ्यांच्या सात मिलिमीटरच्या गोळ्या

जपानच्या कायद्याच्या लेखी रायफलची गोळी ही काहीच नसते. रायफलला परवाना लागतो, बंदुकीच्या दारूला परवाना लागतो, दारू पेटवणाऱ्या टोपीलाही लागतो. परंतु काडतुसाच्या टोकाला बसणारा, वरून धातूचे आवरण चढवलेला शिशाचा तो तुकडा, म्हणजे जी वस्तू प्रत्यक्ष जीव घेते ती, कोणीही शर्टाच्या बटणांसारखी खणात टाकून ठेवू शकतो. ही तरतूद मी शब्दकोश शेजारी ठेवून मुळातून वाचली आहे, आणि प्रथम वाचली तेव्हा मला हसू आले होते. पुढे आले नाही. कायद्याने त्या गोळ्यांना काही किंमत दिली असती, तर ज्या दिवशी माझ्या सासऱ्यांची रायफल गेली त्याच दिवशी त्याही गेल्या असत्या, आणि म्हाताऱ्याच्या वाट्याला एकच दुःख आले असते.

सासरे सुतार होते. कोबेच्या उत्तरेला जो तांबा नावाचा डोंगराळ मुलूख आहे, तिथल्या एका खेड्यात उन्हाळाभर घरांच्या तुळया बसवायच्या आणि हिवाळाभर रानडुकरांच्या मागे जायचे, हा त्यांचा आयुष्यभराचा क्रम. मी पुण्याहून कायद्याची पदवी घेऊन कोबेतल्या एका भारतीय व्यापाऱ्याच्या पेढीत आलो, तो जहाज कंपन्यांना नुकसानभरपाईची पत्रे लिहिण्यासाठी. इथलीच मुलगी केली. तिच्या वडिलांना माझ्याशी काय बोलावे हे कळेना, म्हणून त्यांनी मला शिकारीला नेले. या देशात रायफल हाती येण्यापूर्वी दहा वर्षे छऱ्याची बंदूक निष्कलंकपणे बाळगावी लागते. मी ती बाळगली. दहा वर्षांनी रायफल मिळाली तेव्हा सासरे एवढेच म्हणाले, "आता चुकलास तर नाव माझं जाईल."

नव्वदच्या दशकाच्या अखेरच्या वर्षांत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवे अंग गेले. इस्पितळात एक पोलीस अधिकारी अतिशय नम्रपणे एक कागद घेऊन आला. सासऱ्यांनी डाव्या हाताने त्यावर सही केली आणि त्यांची रायफल कापून भंगारात गेली. जावयाकडे रायफलचा परवाना आहे, तेव्हा ती त्याच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येईल, हे त्यांना कोणी सांगितले नाही. मला कळले तेव्हा नळीचे तुकडे झालेले होते. मी त्या कचेरीला पत्रे लिहिली, कलमांच्या क्रमांकांसह. उत्तरे वेळेवर आली आणि त्यांत दिलगिरी होती, रायफल नव्हती.

इस्पितळातून ते आमच्या घरी आले, आणि त्यांच्याबरोबर बिस्किटांच्या जुन्या डब्यांत भरलेल्या त्यांच्या गोळ्या आल्या. वयाच्या नव्वदीपर्यंत शिकार करायची या हिशेबाने त्यांनी त्या वर्षानुवर्षे साठवल्या होत्या. सात मिलिमीटर व्यासाच्या, वजनदार, बोथट नाकाच्या. तसल्या गोळ्या आता कोणी फारशा वापरत नाही. डबे त्यांनी आपल्या गादीशेजारी ठेवून घेतले. डॉक्टरांनी माझ्या पत्नीला बाजूला घेऊन सांगितले होते, की उन्हाळ्याची आशा धरू नका.

पत्नी व्यवहारी आहे. तिने एक दिवस वॉर्डाच्या कचेरीत फोन करून विचारले, की अशा वस्तू कोणत्या कचऱ्यात धरतात, न जळणाऱ्या की धोकादायक? कागदी सरकत्या दारापलीकडे सासरे जागे होते. त्या दिवशी त्यांनी जेवणाला तोंड लावले नाही. संध्याकाळी मला हाक आली.

"मुको-सान," ते म्हणाले. जावयाला तिकडे असेच म्हणतात, आणि वडिलांना ओतोसान. तोंडाची एकच बाजू हलत असल्याने प्रत्येक शब्द त्यांना घासून बाहेर काढावा लागे. "ह्या तुझ्या बंदुकीत चालतील?"

"नाही, ओतोसान. माझी नळी रुंद आहे. तुमची गोळी आत खुळखुळेल."

"मग नळी बदल."

"ती काही पाण्याची तोटी नाही."

"माझ्या आधी त्या संपल्या पाहिजेत. डुकरावर. कचऱ्यात नाही." मग बराच वेळ श्वास घेऊन ते म्हणाले, "त्या उरल्या आणि मी गेलो, तर लोक म्हणतील म्हाताऱ्याला स्वतःचा अंदाज नव्हता."

शिकारीचा हंगाम नोव्हेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला संपतो. तेव्हा ऑक्टोबर चालू होता. म्हणजे त्या माणसाच्या हाती एकच हंगाम होता, आणि तो माझ्या हाती होता.

दुसऱ्याच दिवशी मी बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, तिरकस बोलणारा. मी घरी काडतुसे भरतो हे त्याला ठाऊक होते, कारण पितळी कवचे, दारू आणि टोप्या मी त्याच्याकडूनच परवान्यावर नेत असे. मी सासऱ्यांची एक गोळी काचेवर ठेवली. त्याने ती उचलली, चिमटीत फिरवली.

"संग्रहालयातून आणलीत की काय, दान्ना-सान?" म्हणजे मालक; गिऱ्हाइकाला तो असेच म्हणे.

"हिच्यासाठी काडतूस निवडायचं आहे."

"लोक आधी रायफल घेतात, मग काडतूस, मग गोळी. तुम्ही गोळी घेऊन आलात. बटण घेऊन त्याला शोभेल असा कोट शिवायला निघाल्यासारखं आहे हे."

तरीही त्याने सारे बाजूला सारून खुर्ची ओढली. सात मिलिमीटरची गोळी घेणारी काडतुसे अनेक आहेत, पण आमच्यापुढे खरी तीनच राहिली. पहिले मॅग्नम. मोठे, प्रचंड वेगाचे. "त्याने डुक्कर पडेल आणि तुम्हीही पडाल. दोघांना उचलायला माणसं न्या," असे म्हणून त्याने ते फेटाळले. शिवाय त्यासाठी नवीनच रायफल लागली असती. दुसरे, सासऱ्यांच्या जुन्या रायफलचे स्वतःचे काडतूस, सात बाय सत्तावन्न. लांब मानेचे, संथ, जुन्या काळाचे. या बोथट गोळीसाठीच ते घडवल्यासारखे होते. परंतु ते माझ्या रायफलच्या मॅगझिनमध्ये मावत नव्हते, म्हणजे पुन्हा दुसरी रायफल, दुसरा परवाना. तिसरे काडतूस माझ्याच काडतुसाच्या भावकीतले. माझ्या थ्री-नॉट-एटच्या पितळी कवचाची मान साच्यात घालून सात मिलिमीटरवर आवळली की ते तयार होते. माझ्या रायफलचा बोल्ट त्याला चालतो, मॅगझिन चालते. फक्त नळी बदलावी लागते.

"पण तुमची ही गोळी लांब आहे," दुकानदार म्हणाला. "हिचं बूड कवचात खोल जाणार. लहान ओफुरोत जाडा माणूस बसला की पाणी बाहेर सांडतं ना, तसं. दारू कमी भरावी लागेल. वेग घटेल."

"तांबा मुलखातल्या झाडीत डुक्कर दिसतं तेव्हा ते अंगणाच्या अंतरावर असतं."

"मग चालेल. म्हाताऱ्यांना पसंत पडेल का?"

पसंत पडले नाही. सासऱ्यांना त्यांचे जुने काडतूस हवे होते. "त्यांचं घर ते आहे," ते म्हणाले, "तू त्यांना भाड्याच्या खोलीत कोंबतोयस." मी त्यांना कायदा समजावून सांगितला. एका रायफलच्या परवान्यावर बदली नळीची नोंद करता येते. दुसरी रायफल मागितली, तर आधीची असताना ती का हवी, हा प्रश्न येतो, चौकशी येते, उशीर येतो. नळीला यातले काही नको. ती फक्त जुन्या परवान्याची पुरवणी. "भाड्याची खोली लवकर मिळते, ओतोसान," मी म्हणालो. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. त्या होकाराला कृपा म्हणावे की थकवा, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही.

नळी मागवली. अर्ज केला. पोलीस कचेरीत बंदुकांच्या टेबलावर एक तरुण अधिकारी होता, केस नीट विंचरलेला, सतत अर्धा झुकलेला. त्याने माझा अर्ज, माझे परदेशी नागरिकाचे ओळखपत्र, डॉक्टरांचा दाखला, सारे पाहिले आणि म्हणाला, की बदली नळी असली तरी आमच्या विभागात तिची तपासणी नव्या परवान्यासारखीच होते. मी विचारले, कोणत्या कलमाखाली? तो म्हणाला, प्रथा आहे. मी म्हणालो, प्रथा हे कलम नव्हे. तो आणखी झुकला आणि म्हणाला, की तरीही शेजाऱ्यांकडे चौकशी होईल.

या चौकशीविषयी सांगितले पाहिजे. बंदूक मागणारा माणूस रागीट आहे का, घरात भांडणे होतात का, शेजाऱ्यांशी त्याचे कसे आहे, हे विचारायला पोलीस आजूबाजूच्या घरांत जातात. माणसाच्या स्वभावाचा पुरावा शेजाऱ्याच्या ओठांवरून गोळा करतात. मागच्या खेपांना माझे काही अडले नव्हते, कारण तेव्हा शेजारची घरे वेगळी होती आणि वस्ती-मंडळाचे अध्यक्षही वेगळे होते.

नवे अध्यक्ष आमच्या समोरच राहत. निवृत्त मुख्याध्यापक. गेल्या दोन वर्षांत मी त्यांना काही पत्रे लिहिली होती. कावळ्यांनी उसकू नये म्हणून कचऱ्यावर टाकायची जाळी धुण्याची पाळी मंडळाचा सभासद नसलेल्यांवर कशाच्या आधारे लादली जाते, याविषयी. सकाळी कर्ण्यावर वाजणाऱ्या सुरावटीविषयी. रस्त्यावर मोटारी उभ्या राहू नयेत म्हणून त्यांनी ठेवलेल्या कुंड्यांविषयी. तो रस्ता सार्वजनिक आहे आणि कुंड्या खासगी आहेत. प्रत्येक पत्रात मी नियमाचा आधार दिला होता, एकही अपशब्द नव्हता, आणि माझी पत्नी जपानी तपासून ती स्वच्छ अक्षरात उतरवून देत असे. त्या पत्रांतला एकही मुद्दा आजवर कोणी खोडलेला नाही.

नोव्हेंबर उजाडला. हंगाम सुरू झाला. नळी दुकानदाराच्या कपाटात होती आणि माझा अर्ज, टेबलावरच्या तरुणाच्या शब्दांत, "विचाराधीन" होता. डिसेंबरातही तो विचाराधीनच होता. घरात सासरे रोज एकदा विचारीत, "आली?" मी म्हणे, "नाही." मग ते डबा उघडायला लावीत आणि डाव्या हाताने गोळ्या चाचपीत. त्यांचे गिळणे मंदावत चालले होते. पत्नी भाताची पेज चमच्याने भरवी, आणि प्रत्येक चमच्याला हनुवटीखाली हात धरी. मी त्या घरात एकटाच धडधाकट होतो, आणि मला काहीही करता येत नव्हते.

डिसेंबरच्या अखेरीस त्या तरुण अधिकाऱ्याने, बहुधा दयेपोटी, कारण सांगितले. शेजाऱ्यांचे म्हणणे पाहून वरिष्ठांना आणखी विचार करावासा वाटतो आहे.

त्या दुपारी मी पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रांताच्या आयोगाला पत्र लिहायला बसलो. माझ्या आयुष्यातले सर्वोत्तम पत्र ते. ऐकीव मताला पुराव्याचा दर्जा देणाऱ्या प्रशासनाविषयी, अर्जदाराला आपली बाजू मांडू न देण्याविषयी, कायद्यात नसलेल्या प्रथेविषयी. मसुदा पत्नीपुढे ठेवला. माझ्या आईने तिला "अहो" म्हणायला शिकवले होते, आणि उरलेले वाक्य ती जपानीत बोलली तरी आरंभ तिथूनच करी.

"अहो, हे मी उतरवून देणार नाही."

"यात चूक दाखव."

"चूक नाही. तुम्ही बरोबर आहात." तिच्या हातात पेजेचा वाडगा होता. "हे पत्र फिरून उत्तर यायला वसंत येईल. बरोबर असण्याचं मी काय करू? बाबांना भरवू?"

मी मसुदा घडी करून ठेवला. तिने मला मिठाईचा एक डबा बांधून दिला, नीट कागदात गुंडाळून, आणि समोरच्या घराकडे बोट दाखवले. मी म्हणालो, की मी माफी मागणार नाही, कारण मागण्यासारखे काही नाही. ती म्हणाली, "मागू नका. फक्त जा. त्या दारातून कधी आत गेला नाहीत तुम्ही."

जानेवारीतली दुपार होती. अध्यक्षांनी दार उघडले, आणि ते माझ्या हातांकडे पाहू लागले.

"आज लिफाफा नाही?" ते म्हणाले.

"आज नाही."

त्यांनी मला आत घेतले, चहा दिला, आणि मिठाईचा डबा दोघांच्या मध्ये न उघडता ठेवला.

"पोलिसांनी विचारलं, हे गृहस्थ भांडखोर आहेत का," ते म्हणाले. "मी सांगितलं, मुळीच नाही. त्यांचा आवाज मी कधी ऐकलेला नाही."

"आभारी आहे."

"मग विचारलं, शेजाऱ्यांशी संबंध कसे आहेत. मी सांगितलं, लेखी."

मी चहाचा घोट घेतला.

"त्यांना फाइल पाहायची होती. मी दाखवली. फार सुरेख जपानी आहे, असं ते म्हणाले."

"हे तुम्ही टाळू शकला असता."

"तुम्हीच मला लिहिलं होतं, की अधिकृत चौकशीत खरं आणि संपूर्ण सांगणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे. कुंड्यांच्या पत्रात. ते वाक्य मला आवडलं होतं."

त्यांचे म्हणणे कायद्याने अभेद्य होते. मी पुष्कळ वकिलांशी पत्रव्यवहार केला आहे, पण इतक्या पूर्णपणे मला कोणी अडवले नव्हते. तिथून उठून यायला हवे होते, आणि उठता येत नव्हते, कारण परत जाऊन "आली?" या प्रश्नाला पुन्हा "नाही" म्हणायचे होते.

"ती नळी कशासाठी हवी आहे तुम्हाला?" त्यांनी विचारले.

मी सांगितले. झटका, सही, डबे, कचऱ्याचा फोन, हंगाम. माझ्या घरात कोणी म्हातारा माणूस निजून आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हते. सरकत्या खिडकीतून त्यांनी समोर आमच्या घराकडे पाहिले, जणू आता काही वेगळे दिसेल.

"एवढी पत्रं लिहिलीत," ते म्हणाले. "हे कधी लिहिलं नाहीत."

"ते मंडळाच्या अखत्यारीतलं नव्हतं."

"नव्हतं," ते म्हणाले, आणि मिठाईच्या डब्याचा कागद सोडू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेकटाय बांधून पोलीस कचेरीकडे जाताना माझ्या पत्नीने पाहिले. त्यांनी तिथे काय सांगितले ते त्यांनी मला कधी बोलून दाखवले नाही, आणि मी विचारले नाही. परंतु माझे प्रकरण तोवर प्रांताच्या कचेरीत गेले होते, आणि वर चढलेला कागद खाली उतरायला आपला वेळ घेतो. जानेवारी संपला. फेब्रुवारीचा मध्य आला. त्या दिवशी सासऱ्यांनी काही विचारले नाही. त्यांना कॅलेंडर दिसत होते. हंगाम संपला तेव्हा रानात बर्फ होते आणि त्यावर डुकरांचे माग असणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

पुढच्या आठवड्यात नळीची नोंद झाली. परवान्याच्या वहीत नवीन ओळ, नवा शिक्का. तरुण अधिकाऱ्याने दोन्ही हातांनी वही माझ्यापुढे धरून अभिनंदन केले. मी त्याच्यावर ओरडलो नाही. मला रडू येईल अशी भीती वाटत होती.

घरी येऊन वही सासऱ्यांना दाखवली. त्यांनी ती पाहिली, माझ्याकडे पाहिले.

"आता शिकार बंद," मी म्हणालो. "आता फक्त चांदमारीच्या मैदानावर चालवता येईल. पुढल्या नोव्हेंबरपर्यंत—"

"पुढला नोव्हेंबर तुझा," ते म्हणाले.

चांदमारी त्यांना कधी मान्य नव्हती. मातीच्या बांधावर गोळी घालणाऱ्यांना ते शेतात धान्य ओतून निघून जाणारे म्हणत. त्यांनी नजर छताकडे वळवली. पत्नी दारात उभी होती.

"मग मातीवर मार," ते म्हणाले. "पण सगळ्या."

मी सगळ्या भरल्या. जेवणाच्या टेबलावर यंत्र बसवले. एकेका कवचाची मान आवळली, टोपी ठोकली, दारू मोजली, दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे कमी, आणि त्यावर ती बोथट नाकाची गोळी दाबली. कवचात ती खरोखरच खोल जात होती. बाहेर जेमतेम खांदे राहत. दर रविवारी मी मैदानावर जाऊन त्या उडवीत असे. माझ्या वयाचा माणूस एवढ्या गोळ्या एका बैठकीत उडवीत नाही. मैदानाचा रखवालदार म्हणाला, "आजोबा, बांधाने तुमचं काय बिघडवलंय?" मी म्हणालो, बांधाचा संबंध नाही. रायफलचा दस्ता प्रत्येक बाराला खांद्यावर त्याच जागी आदळत होता, आणि मी जाड कोट मुद्दाम घालत नव्हतो. का, हे तेव्हा मला सांगता आले नसते.

शेवटच्या रविवारी घरी आलो तेव्हा सासरे जागे होते. बोलणे जवळजवळ संपले होते त्यांचे. मी रिकामे डबे त्यांच्यासमोर ठेवले, झाकणे उघडी. त्यांनी डब्यांकडे पाहिले नाही. इस्पितळात, घरात, सगळे जण त्यांना काही ना काही बरे वाटणारे सांगत आले होते. रिकामा डबा म्हणजे त्यातले कुठे गेले याचा पुरावा नव्हे, हे मीही मान्य केले असते.

त्यांनी डावा हात वर केला. मला वाटले, पाणी हवे आहे, म्हणून मी वाकलो. त्यांनी माझ्या उजव्या खांद्याच्या आतला खळगा बोटांनी शोधला, जिथे दस्ता टेकतो तिथे, आणि अंगठा दाबला. सुताराचा अंगठा, त्यात अजून जोर होता. माझ्या तोंडून आवाज निघाला.

"दुखतंय?" ते म्हणाले.

"हो."

ते पुन्हा दाबून पाहत राहिले, कडेकडेने, काळ्यानिळ्या डागाची हद्द मोजावी तसे. मग हात खाली घेतला.

"दुखू दे," ते म्हणाले, आणि मुलीने पुढे केलेल्या चमच्यासाठी तोंड उघडले.